घोड्याचा जबडा मोडल्यावर : वाचकांचे प्रश्न आणि शल्यचिकित्सकाची उत्तरे

घोड्यांच्या दातांची निगा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दातांऐवजी जबड्याच्या मोडलेल्या हाडाविषयी होती. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत आणि लांबलचक पत्रांतील फक्त प्रश्नाचा भाग ठेवला आहे.

प्रश्न : माझी सात वर्षांची घोडी पर्यटकांच्या रपेटीसाठी आहे. रात्री शेजारच्या घोड्याने तिला लाथ मारली. सकाळी तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत होती आणि खालचे पुढचे चार दात हिरडीसकट बाहेर कललेले होते. आमच्यातल्या जाणत्या मंडळींनी ‘दात उपटून टाका, नाहीतर घोडी उपाशी मरेल’ असा सल्ला दिला. डॉक्टरांनी मात्र दात जागेवर बसवून तारेने बांधले आणि घोडी आता खाते आहे. ही तार किती दिवस ठेवायची, दात जगतील का, आणि आमच्यापैकी दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर सुरुवातीला काय करावे? (घोडेमालक, माथेरान)

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी दात उपटले नाहीत, हे योग्यच झाले. घोड्याच्या डोक्याच्या हाडांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडते ते खालच्या जबड्याचे हाड, आणि त्यातही पटाशीच्या दातांचा भाग किंवा पटाशीचे दात व पहिली दाढ यांच्यामधली बिनदाताची अरुंद जागा. लाथ हे एक कारण झाले. दुसरे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. गव्हाणीची कड, बादलीचे कडे, फाटकाचा अडसर अशा वस्तू तो दातांत धरून चाळवत बसतो. तेवढ्यात काही आवाज झाला की दचकून मान झटक्याने मागे घेतो आणि दात तिथेच अडकून राहिल्यामुळे हाड तुटते. तबेल्यात एकट्याच बांधलेल्या घोड्याचा जबडा सकाळी मोडलेला दिसतो आणि मालक चोरट्यावर किंवा मोतद्दारावर संशय घेतो, त्या वेळी पुष्कळदा दोष बादलीचा असतो.

असा अस्थिभंग जवळजवळ नेहमी तोंडात उघडा पडतो, त्यामुळे भेगेत चारा, लाळ आणि माती भरते. पायाच्या हाडाची अशी उघडी जखम झाली असती तर घोडा वाचण्याची आशा फार थोडी राहिली असती. जबड्याचे तसे नाही. त्याला रक्तपुरवठा भरपूर आहे, त्यावर शरीराचा भार पडत नाही, आणि बरे होईपर्यंत घोडा चार पायांवर उभा राहून जगू शकतो. पायाच्या हाडाविषयीची आपली सारी भीती आपण नकळत जबड्यालाही लावतो आणि म्हणूनच ‘आता याला गोळी घाला’ किंवा ‘विकून टाका’ असे सल्ले दिले जातात. वेळेवर नीट बसवलेला पुढचा जबडा बहुतेक घोड्यांत उत्तम जुळतो.

आता दातांविषयी. घोड्याचा दात हिरडीबाहेर दिसतो त्यापेक्षा हाडाच्या आत बराच लांब असतो. लाथेने जे ‘दात’ कलतात, त्यांच्याबरोबर हाडाचा तुकडाही कललेला असतो आणि तो तुकडा मूळ जागी आणून धरून ठेवण्यासाठी शल्यचिकित्सकाला दाताखेरीज दुसरी चांगली पकड मिळत नाही. दात काढून टाकला तर तार कशाला बांधायची, हा प्रश्न उरतो. म्हणून हिरडी किंवा हाडाचे आवरण अजिबात चिकटलेले नाही असे हाडाचे सुटे कपचे जखम धुताना काढून टाकतात, परंतु हलणारे दात ठेवतात. त्यांतील बरेच दात काही आठवड्यांत पुन्हा घट्ट होतात. एखादा मेलाच, तर जबडा जुळल्यानंतर तो सावकाश काढता येतो. तोपर्यंत त्याने आपले काम केलेले असते.

तार साधारणपणे सहा ते आठ आठवडे ठेवतात. काढण्यापूर्वी हाड हाताने तपासून आणि शक्य तेथे एक्स-रे काढून ते जुळल्याची खात्री करावी. घोडीला उभ्यानेच गुंगीचे औषध देऊन हे काम होते. तोपर्यंत रोज एकदा ओठ उचलून तारेकडे पाहावे. एखादा वेढा तुटला किंवा पिळाचे टोक बाहेर आले तर ते ओठाला अथवा जिभेला टोचते, आणि घोडीने खाणे कमी केल्याचे आपल्या लक्षात येईपर्यंत जखम झालेली असते.

पहिल्या काही तासांतील काळजीबाबत एक गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी. लाळ गळणारा आणि नीट खाता-गिळता न येणारा घोडा समोर आला की आपल्या देशात प्रथम पिसाळ रोगाची शंका मनात आणली पाहिजे. दात सरळ सरळ वाकडे दिसत असले तर गोष्ट वेगळी. पण बाहेरून काहीच दिसत नसताना ‘घशात काही अडकले असेल’ म्हणून उघड्या हाताने तोंड चाचपणे हा जिवाशी खेळ आहे. हातमोजे घालावेत आणि तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. त्यानंतरचे महत्त्वाचे काम धनुर्वाताच्या प्रतिबंधाचे, कारण पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी दुसरा नाही; शेवटची लस केव्हा दिली होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. लगाम घालू नये, म्होरकी सैल ठेवावी, कडबा समोरून काढून घ्यावा आणि कोमट मिठाच्या पाण्याने, सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीने, तोंड हलक्या हाताने धुवावे. वेदनाशामक औषध डॉक्टर ठरवतील. घरात उरलेले माणसांचे डायक्लोफेनॅक टोचण्याचा मोह मात्र टाळावा. गिधाडांच्या नाशाला कारणीभूत ठरल्यामुळे जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे. दुरुस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालेली उत्तम. मात्र तीन-चार दिवस गेले म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही. जखम जास्त काळजीपूर्वक धुवावी लागते, इतकेच.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माणसांचा जबडा मोडला की आता टायटॅनियमच्या प्लेट बसवतात. मग घोड्यात अजूनही तार का वापरली जाते? साधनांची टंचाई हेच त्याचे कारण आहे का? (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : साधनांची टंचाई हे कारण नाही. सर्व साधने हाताशी असलेल्या रुग्णालयांतही पुढच्या जबड्याच्या अस्थिभंगासाठी पहिली निवड तारेचीच असते, आणि तिच्यामागे यंत्रशास्त्राचे साधे तत्त्व आहे.

खालच्या जबड्याचा सांधा आणि त्याला हलवणारे मोठे स्नायू मागे, कानाच्या बाजूला आहेत. गवत तोडण्याचे आणि चावण्याचे बळ मात्र पुढे, दातांवर पडते. म्हणजे जबडा हा एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला भार घेणारा दांडा झाला. फळांनी लगडलेली आंब्याची फांदी खाली वाकून तडकते तेव्हा चीर वरच्या अंगाने उघडते. जबड्यातही भेग वरच्या, म्हणजे दातांच्या बाजूने उघडते आणि खालच्या कडेला हाडांची टोके एकमेकांवर दाबली जातात. ताण पडतो ती बाजू दातांची आणि दाब पडतो ती बाजू हनुवटीखालची. अस्थिभंग ताणाच्या बाजूने धरला तर थोड्या धातूत मोठे काम होते. पोलादी तार कशीही वाकते, परंतु ओढली असता लांबत नाही. त्यामुळे दातांच्या बाजूने ती घट्ट आवळली की घोडा चावतो तेव्हा तेच बळ हाडांची टोके एकमेकांवर दाबून धरते.

प्लेटची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. ताणाच्या बाजूला दात आणि हिरडी असल्यामुळे तिथे प्लेट बसवताच येत नाही. ती खालच्या कडेला, म्हणजे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला बसवावी लागते, आणि तिथे ती सतत वाकवली जात असल्यामुळे जाड व मजबूत घ्यावी लागते. शिवाय घोड्याच्या दाढांची मुळे, विशेषतः तरुण घोड्यात, हाडाच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचलेली असतात. स्क्रू मुळात शिरला तर दाताला पू होतो आणि पुढे वर्षानुवर्षे जबड्याखाली जखम वाहत राहते. आधीच तोंडातून दूषित झालेल्या जखमेत एवढा मोठा धातू ठेवणे हा आणखी एक धोका. त्यामुळे हाड जुळल्यानंतर अशी प्लेट दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढण्याची वेळ पुष्कळदा येते.

तरीही प्लेटला स्थान आहे. दाढांच्या भागात जबड्याची दोन्ही अंगे तुटली असतील, तुकडे जागेवर ठरत नसतील किंवा हाडाचा काही भाग नाहीसा झाला असेल, तर तार पुरेशी होत नाही. स्क्रूचे डोके प्लेटमध्येच आटे धरून पक्के बसते अशा नव्या प्रकारच्या प्लेटमुळे थोड्या स्क्रूंवर काम भागते आणि मुळे चुकवणे सोपे जाते. हाडाचा चुरा झालेला असताना आणि जखम फार दूषित असताना मला स्वतःला बाहेरून बसवण्याचा सांगाडा अधिक पसंत आहे. जबड्याच्या दोन्ही अंगांतून आडव्या पिना आरपार घालतात आणि बाहेर दोन्ही बाजूंना त्या अ‍ॅक्रिलिक भरलेल्या नळीने जोडतात. खुद्द अस्थिभंगाच्या जागी धातू येत नाही आणि जखम मोकळेपणाने धुता येते. दिसायला हा प्रकार भयंकर असतो आणि मालक पाहून हबकतो, पण घोडा तो आश्चर्यकारक सहजतेने स्वीकारतो. पिनांची जागा मात्र एक्स-रे पाहूनच ठरवली पाहिजे.

तार बांधण्याचे तपशील तुम्ही विचारलेले नाहीत, तरी विद्यार्थी म्हणून उपयोगी पडतील. साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाडीची मऊ पोलादी तार घेतात. पटाशीच्या दोन दातांमध्ये हिरडीलगत १४ गेजची सुई आरपार घालायची आणि तिच्या पोकळीतून तार ओवून घ्यायची. जागा फारच घट्ट असेल तर बारीक ड्रिल वापरावे लागते. कडेच्या दातावरून तार निसटण्याचा संभव असतो, म्हणून त्याच्या मागच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडतात. पीळ देताना तार स्वतःकडे ओढून धरावी, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे वळतात. एक पदर सरळ राहून दुसरा त्याला नुसता गुंडाळला गेला तर तो पीळ रात्रीतून सुटतो. एक-दोनच दात त्यांच्या हाडासह कलले असतील तर शेजारचे पक्के दात आधाराला पुरतात. सहाच्या सहा दातांचा भाग तुटला असेल तर आधार मागे शोधावा लागतो. नर घोड्यात सुळे असतात, त्यांचा उपयोग होतो. घोडीला ते बहुधा नसतात किंवा अगदी लहान असतात. मग गालाला बारीक छेद देऊन पहिल्या दोन दाढांच्या मध्ये छिद्र पाडतात आणि तिथून तार पुढे आणून पटाशीच्या दातांना बांधतात. बिनदाताच्या जागेत दोन्ही बाजूंनी हाड मोडले असेल तर दोन्ही बाजूंना अशी तार घालून तिच्यावर दात बसवताना वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकचा पट्टा घालणे चांगले. अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना बरेच तापते, म्हणून तेवढा वेळ त्यावर थंड पाणी सोडत राहावे लागते, नाहीतर हिरडी भाजते.

तार जुनाट आणि प्लेट आधुनिक असा तुमच्या प्रश्नामागचा समज आहे. मोडलेल्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेने एकमेकांना बांधावेत, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेतील प्राचीन ग्रीक वैद्यकात सांगितलेले आहे, आणि दाढांना ओळीने वेढे घालण्याची जी पद्धत आज घोड्यांत वापरतात तिला ओब्वेगेसर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या, माणसांच्या जबड्यावर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाचे नाव आहे. पद्धत जुनी असली तरी तत्त्व पक्के असल्यामुळे ती टिकली.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत शिंगरासह घोडी घेतली. शिंगरू चार महिन्यांचे असताना फाटकाच्या कडीत त्याचा खालचा जबडा अडकून पुढचा भाग वाकडा झाला आहे. एवढ्या लहान वयात शस्त्रक्रिया झेपेल का? की हाड आपोआप जुळू द्यावे? (अश्वपालक, शहादा तालुका)

उत्तर : झेपेल, आणि करावी. लहान वयात हाड लवकर जुळते, पण वाकडे राहिले तर वाकडेच जुळते आणि मग वरचे-खालचे दात एकमेकांवर न बसल्यामुळे त्यांची झीज होत नाही. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीबाहेर सरकत राहतात. समोरचा दात झिजवायला नसेल तर ते वाढून समोरच्या हिरडीत घुसतात. हा त्रास जन्मभर पुरतो.

शिंगराबाबतची खरी अडचण तारेच्या पकडीची आहे. चार महिन्यांच्या वयात खालच्या जबड्यात पटाशीचे सामान्यतः चारच दुधाचे दात आलेले असतात, मधले दोन पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि त्यांच्या बाजूचे दोन सहा आठवड्यांच्या सुमारास. हे दात आखूड असल्यामुळे तार त्यांच्यावरून सहज निसटते. दुधाच्या पहिल्या तीन दाढा मात्र जन्मापासून किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत असतात, म्हणून तार मागे त्यांच्यापर्यंत नेऊन आधार घ्यावा लागतो. यासाठी पूर्ण भूल देणे बहुधा सोयीचे ठरते. तार चार ते सहा आठवड्यांत काढता येते. वाढत्या जबड्यात ती विनाकारण जास्त दिवस ठेवू नये. (दोन-तीन महिन्यांपेक्षा लहान शिंगरात हनुवटीचा मधला सांधा अजून एकजीव झालेला नसतो. तिथे नेमक्या मध्यावर फट पडली असेल तर पटाशीच्या दातांभोवती एकच वेढा बहुधा पुरतो.)

शिंगरू दूध पिते की नाही, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. घोडीची कास पाहावी. ती ताठरलेली व गळणारी असेल तर शिंगरू उपाशी आहे आणि डॉक्टरांना नाकातून नळी घालून दूध द्यावे लागेल. चार महिन्यांचे शिंगरू गवतही खाते, म्हणून कोवळा घास बारीक कापून द्यावा. दुधाचे दात हलले किंवा पडले तरी घाबरू नये, परंतु त्यांच्याखाली असलेल्या पक्क्या दातांच्या अंकुरांना इजा झालेली असू शकते. पटाशीचे पक्के दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात. त्या त्या वेळी तोंड तपासून घ्यावे, कारण एखादा दात वाकडा येणे किंवा मुळीच न येणे शक्य आहे. शिंगरू पुढे विकायचे असेल तर ही गोष्ट घेणाऱ्याला सांगावी. फाटकाची ती कडी मात्र आजच बदलावी.

प्रश्न : आमच्या रायडिंग स्कूलमधील एका घोड्यासाठी एका डॉक्टरांनी उभ्यानेच शस्त्रक्रिया सुचवली आणि दुसऱ्यांनी पूर्ण भूल. कोणाचे ऐकावे? (पुणे)

उत्तर : एक्स-रे न पाहता एकाची बाजू घेणे योग्य नाही, निर्णय कशावर ठरतो तेवढे सांगता येईल. फक्त पटाशीच्या दातांचा भाग तुटला असेल आणि घोडा शांत असेल, तर उभ्याने करणे चांगले. डेटोमिडिन किंवा झायलाझिनसोबत ब्युटॉर्फेनॉल दिले की घोडा मान खाली सोडून गुंगीत उभा राहतो आणि खालच्या ओठाच्या मागे हाडातील छिद्रातून जी नस बाहेर येते तिथे बधिरतेचे इंजेक्शन दिले की पुढचा भाग बधिर होतो. मागच्या दाढांपर्यंत बधिरता हवी असेल तर नस आणखी मागे, जबड्याच्या आतल्या अंगाला गाठावी लागते. त्यात कधी त्या बाजूची जीभही बधिर होते आणि घोडा ती नकळत चावून घेतो, म्हणून बधिरता पूर्ण उतरेपर्यंत त्याला काहीही खायला देऊ नये.

घोड्याला पूर्ण भूल देणे ही कुत्र्या-मांजराला भूल देण्याइतकी साधी गोष्ट नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी, भुलेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के आढळले होते. त्यांतील मोठा धोका शुद्धीवर येऊन उठण्याच्या धडपडीत असतो. जबड्याच्या रुग्णाने त्या धडपडीत तोंड जमिनीवर आपटले तर केलेले कामही वाया जाते. तरीही दोन्ही बाजूंनी मोडलेला जबडा, दाढांच्या भागातील अस्थिभंग, प्लेट किंवा बाहेरचा सांगाडा यांसाठी पूर्ण भूल लागतेच, कारण तुकडे नीट जुळवून वरच्या आणि खालच्या दातांचा मेळ पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. यासाठी श्वासनळीतली नळी तोंडातून न घालता नाकातून घालतात, म्हणजे तोंड मिटून पाहता येते. तुमच्या दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : मोड एका बाजूला आहे की दोन्ही? उत्तर वेगवेगळे आले, तर आधी आणखी एक्स-रे काढण्याची गरज आहे. जबड्याची दोन्ही अंगे चित्रात एकमेकांवर येतात, त्यामुळे केवळ बाजूने घेतलेल्या एका चित्रावरून फसगत होते. तिरक्या कोनातून दोन्ही बाजूंची चित्रे लागतात आणि पटाशीच्या दातांसाठी फिल्म तोंडात ठेवून घेतलेले चित्र सर्वांत स्पष्ट येते.

प्रश्न : वरातीच्या घोड्याचा जबडा तारेने बांधला आहे. त्याला खायला काय द्यावे आणि लगाम केव्हा घालावा? लग्नसराई तोंडावर आहे. (सोलापूर)

उत्तर : या लग्नसराईचा विचार सोडून द्यावा. कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा धातूचा भाग, नेमके त्याच बिनदाताच्या जागेवर बसते जिथे हाड सर्वांत अरुंद आहे आणि तारेवर ओढ येते. तार काढल्यानंतरही निदान महिनाभर तोंडात काही घालू नये. त्याआधी चालवायचे असेल तर केवळ नाकपट्टीवर चालणारी, कडियाळे नसलेली म्होरकी वापरावी आणि तीही जखमेवर दाबत नसेल तरच.

खाण्याबाबत घोडे आपल्या अपेक्षेपेक्षा फार धीराचे असतात. तार बांधलेला घोडा पुष्कळदा गुंगी उतरल्याबरोबर गव्हाण हुंगू लागतो. त्याला पटाशीच्या दातांनी तोडावे लागेल असे काही देऊ नये. उभे गवत, जाळीतला चारा, अख्खा ऊस, अख्खे गाजर बंद. बारीक कुट्टी केलेला ओला चारा, भिजवून मऊ केलेली चंदी, पाण्यात कालवलेला गव्हाचा कोंडा चालेल. कोंड्याबद्दल मात्र सावध राहावे. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी असते. आठवडेच्या आठवडे मुख्य आहार कोंड्याचाच राहिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि त्याचा पहिला परिणाम चेहऱ्याच्या व जबड्याच्या हाडांवरच दिसतो, म्हणजे जे हाड जोडायचे आहे तेच पोकळ होत जाते. कॅल्शियमने भरलेला लसूणघास बारीक कापून सोबत द्यावा. तोबरा (तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी) बांधू नये, कारण त्याच्या विणीत तारेची टोके अडकतात. दिवसातून दोनदा, खाऊन झाल्यावर, तोंड पाण्याने धुवावे आणि तारेत अडकलेला चारा काढावा. गव्हाण उंचावर न ठेवता जमिनीलगत ठेवली तर बरे, आणि बादलीचे कडे काढून टाकावे.

याच निमित्ताने आणखी एक सांगतो. वरातीच्या घोड्यांना काटेरी कडियाळे घालण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ती गुन्हा आहे. त्या काट्यांनी जीभ आणि हिरडी तर फाटतेच, शिवाय वारंवार मार बसून खालच्या हाडाचा कपचा मरतो आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागते. मालक मात्र घोडा हट्टी झाला म्हणून लगाम आणखी आवळतो.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी घोड्याच्या जबड्याला मार लागला होता. तेव्हा उपचार केले नाहीत. सूज आपोआप उतरली. आता जबड्याखाली एक छिद्र पडून त्यातून सतत पू येतो. प्रतिजैविके दिली की थांबतो, बंद केली की पुन्हा सुरू होतो. (वाई)

उत्तर : औषध चालू असताना बंद आणि औषध थांबल्यावर सुरू, असे ज्या जखमेचे चालते तिच्या तळाशी काहीतरी निर्जीव वस्तू असते. जबड्यात ती बहुधा दोनांपैकी एक निघते : हाडाचा मेलेला तुकडा किंवा मूळ कुजलेली दाढ. कधी मोडाच्या भेगेत शिरलेला चाराही असतो. छिद्रातून धातूची बारीक सळई हळूच घालून एक्स-रे काढला की तिचे टोक कशाकडे जाते ते दिसते. मेलेला तुकडा असेल तर तो काढून पोकळी खरवडून साफ केली की जखम सहसा काही आठवड्यांत भरते. दाढ असेल तर ती काढावी लागेल. तोंड चांगले उघडत असेल तर उभ्या घोड्यात, तोंडातूनच काढण्याचा प्रयत्न आधी व्हावा. जबड्याच्या खालच्या कडेला छिद्र पाडून दाढ वर ठोकून काढण्याच्या जुन्या पद्धतीत जुळलेले हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो. त्याआधी मूळ अस्थिभंग पूर्ण जुळला आहे याची खात्री करून घ्यावी. आणखी प्रतिजैविके देत राहण्यात पैसे आणि वेळ, दोन्ही वाया जातात.

प्रश्न : जबड्याचा मागचा भाग किंवा वरचा जबडा मोडला असेल तर शस्त्रक्रिया लागतेच का? आणि महाराष्ट्रात घोडा कुठे न्यावा? (अनेक वाचक)

उत्तर : नेहमी लागते असे नाही. जबडा कानाकडे उभा चढतो त्या भागाला दोन्ही बाजूंनी जाड स्नायूंचे आवरण असते आणि तुकडे जागचे फारसे हलत नाहीत. एकाच बाजूचा, न सरकलेला मोड असेल तर दुसरी बाजू आधारपट्टीचे काम करते. मऊ आहार आणि वेदनाशामकांवर तो बहुधा जुळतो. सांध्याजवळचा मोड मात्र तज्ज्ञाने पाहावा. वरच्या जबड्याच्या पुढच्या भागाला खालच्यासारखीच तार चालते; त्याहून मागे मोड असेल तर नाकातून रक्त येते, गालाच्या हाडातील पोकळीत रक्त साठते आणि अश्रुनलिकेला इजा होऊ शकते, तेव्हा निर्णय त्या गोष्टींवर ठरतो.

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे. या सर्व ठिकाणी शल्यचिकित्सा विभाग असतात. निघण्यापूर्वी फोन करून मोठ्या जनावराचा एक्स-रे आणि वायूने देण्याची भूल त्या दिवशी उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे. वाहनात घोड्याचे डोके वर ओढून आखूड बांधू नये. रक्त आणि लाळ बाहेर गळण्यासाठी त्याला मान खाली सोडता आली पाहिजे. लांबच्या प्रवासात तास न् तास डोके वर बांधून ठेवलेल्या घोड्याला फुप्फुसाचा दाह होतो, आणि मग जबड्यापेक्षा तोच मोठा आजार होऊन बसतो. दर काही तासांनी वाहन थांबवून मान मोकळी करावी, पाणी दाखवावे, आणि सोबत आधीचे एक्स-रे, दिलेल्या औषधांची यादी व धनुर्वाताच्या लसीची तारीख एका कागदावर लिहून द्यावी.